अर्धी प्रदक्षिणा

इंग्रजीतले मोठे शब्द मला कधी जड गेले नाहीत. टेंपरेचर, ऑपरेशन, बँडेज हे पाहुण्यांसारखे आले आणि मुकाट्यानं बसले. मला छळलं ते चिटुकल्या शब्दांनी. इन, ऑन, ॲट, टू, राउंड. दिसायला मेले तिळाएवढे, पण माझं सगळं त्यातल्याच एकावर अडलं. इतकी वर्षं झाली, संसार झाला, केस पांढरे झाले, तरी तो शब्द कुणी उच्चारला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. का, ते सांगते.

आमचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. मुलूख तेव्हा नवाबाचा. गावाबाहेर वडाखाली महादेवाचं देऊळ आणि माझे वडील त्या देवळाचे गुरव. झाडलोट, पूजा, बेलाची पानं, सांजेचा दिवा, सगळं त्यांच्याकडे. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मराठी शाळेत मी पाचवीपर्यंत शिकले आणि मग घरीच बसले. सतरावं सरत आलं तेव्हा म्हसळ्याकडचं एक स्थळ आलं. भाताची शेती, चार ढोरं, पहिली बायको गेलेली, दोन लहान मुलं. माणूस काही वाईट नव्हता, उगाच कशाला नावं ठेवू? पण पाहायला आला तेव्हा माझ्याकडे न बघता बाबांना विचारलं काय, तर "ढोरांचं हिच्यानं व्हईल ना?" मी आत चुलीपाशी होते. ऐकून अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गावात एक म्हातारे कंपाउंडर होते. उभा जन्म मुंबईच्या इस्पितळात औषधं ढवळण्यात गेलेला, आता परत येऊन घराच्या ओटीवर तपकीर ओढत बसायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, शाळेत एक दिवस शिकवलं नसलं तरी. त्या वर्षी चैत्रात ते देवळात आले आणि बाबांना म्हणाले, "गुरवा, पोरीला ढोरामागं कशाला घालतोस? मुंबईला बायकांचं एक इस्पितळ आहे. तिथं मुलींना नर्सचं काम शिकवतात. राहायला जागा, दोन वेळा जेवण, पुढं पगार. तिथली गोरी मॅडम स्वतः परीक्षा घेते. तिला व्याकरण नको न् काही नको. इंग्रजीत सांगितलेलं कळलं पाहिजे आणि झटक्यात झालं पाहिजे."

बाबा बराच वेळ समईची वात पुढं-मागं करत राहिले. मग म्हणाले, "मुंबईवालीनं घेतली तर जाऊ दे. न्हाय घेतली तर जेष्ठात लगीन. मी त्या मानसाला शबूद दिलेला हाय."

म्हणजे एकच संधी. वैशाख सरत आला की आगबोटी बंद होत, त्या नारळी पौर्णिमेनंतर सुरू व्हायच्या. त्याच्या आत मुंबई गाठायची, मॅडमसमोर उभं राहायचं आणि तिनं सांगितलेलं करून दाखवायचं. जमलं तर इस्पितळ, नाही तर म्हसळा. माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागला.

शिकवणी देवळाच्या आवारातच झाली. मोठी मुलगी परक्या पुरुषाच्या घरी कशी पाठवायची? बाबांची दुपारची पूजा आटोपली की आवार मोकळं असायचं. मास्तर दीपमाळेच्या कट्ट्यावर बसत, बाबा गाभाऱ्याच्या पायरीवर तांब्या घासत आमच्यावर नजर ठेवत, आणि मी मध्ये उभी. फळा नाही, पुस्तक नाही. मास्तर हुकूम सोडायचे आणि मी तो करून दाखवायची. "गो टू द वेल." की निघाले विहिरीकडे. "पुट द फ्लॉवर ऑन द स्टेप." की ठेवलं फूल पायरीवर. "स्टँड बिहाइंड द ट्री." की गेले वडामागे.

पहिले काही दिवस नुसती भंबेरी उडाली. आपल्याकडे कसं, आधी वस्तू येते आणि मग ती कुठं ते कळतं. विहिरीत, झाडाखाली, पायरीवर. विहीर म्हटलं की डोळ्यापुढे विहीर उभी राहते, मग तिच्यात काय ते बघता येतं. इंग्रजीत आधी 'इन'. अरे पण कशात? ते मागाहून. जमीन दिसण्याआधी पाय टाकायचा, असला तो कारभार. त्यातून आपलं एक 'ला' सतरा ठिकाणी चालतं. घराला, दाराला, मुंबईला, वेळेला. तिथं मात्र दाराला एक शब्द, वेळेला दुसरा आणि मुंबईला तिसरा. मी वैतागून म्हटलं, "मास्तर, एवढे कशाला हवेत हो त्यांना?" मास्तर तपकिरीची चिमूट नाकाला लावून म्हणाले, "त्यांना विचार, मला कशाला विचारतेस? स्टँड अंडर द बेल!"

पण हळूहळू ते शब्द पायात उतरले. अंडर म्हटलं की घंटेखालची गार फरशी पायाला जाणवायची. बिहाइंड म्हटलं की वडामागचा पाचोळा. एकदा मास्तरांनी नंदी आणि गाभाऱ्याचं दार यांच्या मधे उभं राहायला सांगितलं, 'बिट्वीन' शिकवायला. मी हलेना. नंदीची नजर देवावर असते, त्या नजरेच्या आड कुणी येत नाही, हे आमच्या गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक. तेवढ्यात बाबा पायरीवरून ओरडलेच, "मास्तर, डोकं ठिकाणावर हाय ना?" मास्तरांनी जीभ चावली आणि बिट्वीन दोन माडांच्या मधे शिकवलं.

राउंडही तिथंच शिकले. "गो राउंड द टेंपल," असं मास्तर म्हणाले की मी नंदीपासून निघायची, देवळाच्या मागून वळसा घालून उत्तरेच्या अंगाला यायची. तिथं गोमुखातून अभिषेकाचं पाणी पडतं आणि दगडी पन्हळातून बाहेर जातं. महादेवाची प्रदक्षिणा त्या पाण्यापर्यंतच. ते पाणी ओलांडायचं नाही. तिथं थांबायचं, हात जोडायचे आणि आल्या वाटेनं परत नंदीपाशी यायचं. चालायला लागल्यापासून मी तशीच प्रदक्षिणा घालत आले होते. मास्तरही याच गावचे. मी परत येऊन "आय हॅव गॉन राउंड द टेंपल" म्हटलं की ते मान डोलवून "व्हेरी गुड" म्हणायचे. रोज व्हेरी गुड.

मग जोडशब्द आले, आणि ते चालून दाखवता येईनात. बिकॉज, अनटिल, अनलेस, इन स्पाइट ऑफ. हे दीपमाळेच्या कट्ट्यावर बसूनच शिकायचे. मास्तरांची वाक्यं सगळी इस्पितळातली. डॉक्टर सांगेपर्यंत पाणी देऊ नका. ताप असूनही रोगी उठून बसला. बिकॉज सोपा होता. अनलेस मात्र घशात अडकायचा. मास्तर म्हणाले, "तुझं स्वतःचं वाक्य कर, मग बसेल." मी केलं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून मोठ्यानं म्हटलं, "अनलेस शी टेक्स मी, आय विल बी मॅरिड." तिनं मला घेतलं नाही, तर माझं लग्न लागेल.

बाबांनी तांब्या घासायचा थांबवला. "काय म्हनाली ती?"

मास्तरांनी सांगितलं. सांगायला नको होतं. बाबांचा चेहरा पडला. "लगीन म्हंजे काय फाशी हाय का गो? मी काय तुझा वैरी हाय?"

मला वाईट वाटलं. रागही आला. दोन्ही एकदम. ते पुन्हा तांब्याला चिंच लावायला लागले.

वैशाखात आम्ही निघालो. मास्तरांचे गुडघे धरले होते, ते येऊ शकले नाहीत. मग बाबाच आले, चुलतभावाकडे पूजा सोपवून. ते कधी मुंबईला गेले नव्हते. पडावातून आगबोटीवर चढताना त्यांनी माझा हात असा घट्ट धरला, की परीक्षा त्यांची आहे की माझी ते कळेना. वाटेत मी मनात सगळी उजळणी केली. अनलेसचं ते वाक्य तर जपासारखं घोकलं. मॅडम कचरायला लागली तर हे तिला सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं.

इस्पितळात एका मराठी नर्सनं आम्हाला आत नेलं. वेंगुर्ल्याकडची होती, बोलायला अगदी घरच्यासारखी. बाबांना म्हणाली, "तुम्ही हयसर दारापाशी बसा, बाबा. घाबरू नका." बाबा दारालगतच्या बाकावर टेकले. दार सताड उघडं होतं, आत काय चाललंय ते त्यांना सगळं दिसत होतं.

खोली नुकतीच धुतली होती. मधे लांब टेबल, एका भिंतीला हात धुवायची जागा. तिथून जमिनीतली एक उथळ नाली टेबलाच्या टोकाशी वाट आडवी कापत मोरीपर्यंत पोचत होती, आणि तिच्यातून पाणी वाहत होतं. मॅडम उंच, पांढऱ्या कपड्यातली, चेहरा थकलेला. रागीट वगैरे काही नव्हती. तिनं सुरुवात केली. टॉवेल बशीखाली ठेव. ठेवला. खुर्चीमागे उभी राहा. राहिले. कपाटातून पेला काढ आणि तबकावर ठेव. काढला, ठेवला. एकेक शब्द ऐकला की आवारातली ती ती जागा पायांना आठवत होती आणि पाय धावत होते. मॅडमनं नर्सकडे बघून भुवया उंचावल्या. नर्स माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, झालं! जिंकलं!

मग मॅडम म्हणाली, "नाउ वॉक राउंड द टेबल."

मी निघाले. टेबलाला वळसा घातला, पलीकडच्या अंगाला आले, समोर ते वाहतं पाणी आलं आणि माझे पाय थांबले. हात जोडायचे तेवढे बाकी राहिले. मी वळले, आल्या वाटेनं परत आले आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "आय हॅव गॉन राउंड द टेबल."

"नो," मॅडम म्हणाली. "राउंड." आणि बोटानं हवेत पुरं वर्तुळ काढून दाखवलं.

मला कळलं. लगेच कळलं! काही मठ्ठ नव्हते मी. ही मोरी आहे, हे गोमुख नाही, इथं कसला देव, सगळं डोक्याला कळत होतं. पण पायांना कोण सांगणार? मी पुन्हा निघाले आणि पुन्हा त्या पाण्यापाशी येऊन उभी राहिले. तोंडचं पाणी पळालं. बाबा दारातून बघत होते. आयुष्यात एकदाही ज्यांच्यासमोर ते पाणी ओलांडलं नाही, ते बाबा समोर बसलेले. मी परत फिरले.

मॅडमनं विचारलं, "व्हाय?"

बिकॉज! सगळ्यात सोपा शब्द. तो तेवढा आला आणि पुढं काही येईना. "बिकॉज वॉटर," मी म्हटलं. "बिकॉज गॉड." मॅडमनं मोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला काय कळणार, कप्पाळ? बोटीवर घोकलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. पण अनलेस म्हणायला गेले आणि घशातून नुसता हुंदका आला. नर्सनं दाराकडे वळून बाबांना विचारलं, "काय हो बाबा, ही पाण्याक भिता की काय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि गुडघ्यावरची टोपी नीट करत बसले.

मॅडम काही वाईट बोलली नाही. नर्सनं तिचं बोलणं मराठीत सांगितलं, पण मला ते आधीच समजलं होतं. रोग्याच्या खोलीत सांगितलेलं पुरं व्हायला हवं. अर्ध्यात मागं फिरणारी मुलगी तिला आज घेता येणार नाही. अजून शीक आणि ये. "कम आफ्टर द रेन्स." आफ्टर हा शब्द मला पक्का येत होता. पावसानंतर मी म्हसळ्यात ढोरांना पाणी दाखवत असणार होते.

परतीच्या बोटीवर मी कठड्याला टेकून उभी राहिले. आणि गंमत बघा, आता शब्द धो-धो यायला लागले. देवळातल्या पाण्याबद्दल, आमच्या प्रदक्षिणेबद्दल, बिकॉज, ऑलदो, इन स्पाइट ऑफ, सगळे कसे आपापल्या जागी. मी ती वाक्यं मांडव्याच्या किनाऱ्याकडे बघत पुटपुटले. ऐकायला कुणी नव्हतं. रडू आवरेना. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "रडू नको गो. मी बघत व्हतो. दोनदा तिनं पाठवलं न् दोनदा तू पान्यापासनं मागं फिरलीस. चांगलं वळन हाय तुला. तुझी आय आसती तर तिला बरं वाटलं आसतं."

माझं रडू जागच्या जागी थांबलं. "म्हणजे मी का थांबले ते तुम्हाला कळलं होतं?"

"मला न्हाय कळनार तर कुनाला?"

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला कुटं इंग्लिश येतंय?"

"ती नर्स मराठी बोलत होती, बाबा! तिनं तुम्हाला मराठीत विचारलं!"

ते लाटांकडे बघत राहिले. बोटीवर कुणीतरी पानाचा डबा उघडला, बाबांना पान दिलं, ते त्यांनी घेतलं आणि तिकडेच जाऊन बसले. मी मात्र तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घेऊन बसले आहे. ते बुजले म्हणून गप्प राहिले? परकं गाव, गोरी बाई, तोंड उघडायची छाती झाली नसेल? की मी त्या पाण्यापाशी थांबलेली पाहून त्यांना सुटल्यासारखं वाटलं? पोरगी जात नाही, शब्द पाळला जातोय, देवाचंही राहिलं. मी कधी हे मानते, कधी ते. दोन्हीनं झोप येत नाही.

गावी आल्यावर मास्तर काठी टेकत देवळात आले. "काय अडलं?" मी सांगितलं, राउंडवर अडलं. "शक्यच नाही! दाखव बघू कसं केलंस," ते म्हणाले. मी नंदीपासून निघाले, गोमुखापर्यंत गेले, परत आले. मास्तर म्हणाले, "बरोबर तर आहे की." आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या हातातली तपकिरीची डबी खाली पडली. "अरे देवा," ते म्हणाले. "अरे देवा, मीच रोज व्हेरी गुड म्हणत होतो." कपाळाला हात लावून ते कट्ट्यावर बसून राहिले. मग एकदम बाबांकडे वळले. "गुरवा, तू होतास ना तिथं? तुला एक वाक्य बोलता आलं नाही?"

बाबा समईत तेल घालत होते. म्हणाले, "मी कोन बोलनार, मास्तर? शिकल्यासवरल्या मानसांत?"

मास्तरांशी ते नंतर नीट बोलले नाहीत आणि मास्तरही देवळात आले नाहीत.

ज्येष्ठात लग्न झालं, आमच्याच अंगणात. आभाळ भरून आलेलं, सगळ्यांना घाई. होम पेटला, नवऱ्याच्या उपरण्याला माझ्या शेल्याची गाठ बांधली आणि भटजींनी आम्हाला अग्नीभोवती फिरायला सांगितलं. पुढं तो, मागं मी. उत्तरेच्या बाजूला पाण्याचं तांब्याचं भांडं ठेवलेलं होतं. कुणाचा तरी पाय लागून ते हिंदकळलं असावं, कारण सारवलेल्या जमिनीवरून पाण्याची एक बारीक धार आमच्या वाटेत आली होती. मी तिथं पोचले आणि थांबले.

खोटं कशाला बोलू? इस्पितळात पाय आपोआप थांबले होते. इथं मी थांबले. गाठ ताणली गेली, नवऱ्यानं मागं वळून बघितलं, बायकांत कुजबुज सुरू झाली. भटजींनी मंत्र तोडून विचारलं, "काय झालं?" मी बाबांकडे बघत उभी राहिले. हा तोच प्रश्न होता आणि तेच बाबा होते.

या वेळी बाबा उठले. गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले आणि भटजींना, नवऱ्याला, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्याकडं महादेवाला पानी वलांडत न्हाईत, त्याची सवय हाय तिला. दुसरं काय न्हाय." अगदी स्वच्छ, न अडखळता सांगितलं. मांडवातले लोक हसले, भटजीही हसले, सगळ्यांना एका दमात समजलं. मग बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच पुढं ढकललं.

"चल गो," ते म्हणाले. "हितं पुरा फेरा घालायचा आसतो."

मी पाणी ओलांडलं.